मधलं नाव सांगा

लोक कम्प्युटरला मारतात, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. कोथरूडच्या एका ऑफिसात मी हेल्पडेस्कवर होते. कुणाचं लॉगिन होत नाही, कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचं अकाउंट लॉक झालं, की फोन आमच्याकडे. दुरुस्तीला जी यंत्रं यायची ती बघून हे ऑफिस आहे की तालीम, असा प्रश्न पडायचा. एंटरचं बटण ठोसा बसून आत गेलेला कीबोर्ड. भिंतीवर फेकलेला माऊस. एका अधिकाऱ्याने तर लॅपटॉप खिडकीतून खाली पार्किंगमध्ये टाकला होता आणि आमच्याकडे तक्रार नोंदवताना कारण दिलं होतं, "स्लो चालतो."

पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की अकाउंट लॉक व्हायचं. हा नियम चोरासाठी केलेला, पण चोर काही कधी सापडला नाही. अडकायची ती आपलीच माणसं. त्यामुळे आमच्याकडे फोन करणारा प्रत्येक माणूस आधीच पाच वेळा नकार खाऊन आलेला असायचा, आणि सहाव्यांदा नकार द्यायला समोर जिवंत माणूस सापडलं की तो सुटायचा. आईवरून शिव्या, बापावरून शिव्या, शिवाय "तुमचा पगार आमच्यामुळे होतो" ही खास पुणेरी आहेराची साडी. पहिल्या वर्षी मी रडायचे. नंतर मी फोन म्यूट करून उलट शिव्या द्यायला लागले, आणि रडणं थांबलं.

रागाच्या बाबतीत मीही काही गाय नव्हते. मी कसबा पेठेत वाढले. घरात वडिलांचा हात चालायचा, आईवर आणि मग आमच्यावर. पितळी लोटी, चप्पल, गिरणीतून आणलेला डबा, जे हाताला लागेल ते. मोठी झाले तसा माझाही हात चालायला लागला. शाळेत एका मुलीचे केस मुळापासून उपटले होते. कॉलेजात असताना बसमध्ये अंगाला लगटणाऱ्या एकाचं नाक कोपराने फोडलं होतं. त्याचं रक्त माझ्या ओढणीवर उडालं, आणि ती ओढणी मी धुऊन पुढे दोन वर्षं वापरली. आई म्हणायची, "देवाने बोलायला तोंड दिलंय, आणि तू सदा हातघाईवर." ती हे म्हणायची तेव्हा बऱ्याचदा तिच्याच गालावर बोटं उमटलेली असायची.

आईने वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, बँकेत, जिथे जिथे पूर्ण नाव विचारायचे तिथे ती मला पुढे ढकलायची. "ह्यांचं नाव तू सांग गं." मग मी आईचं नाव घ्यायचे आणि त्याला जोडून ज्याने आदल्या दिवशी तिला मारलं त्याचं नाव घ्यायचे. खिडकीमागचा माणूस मान डोलवायचा आणि आईला ओळख मिळायची. ते तेव्हाही माझ्या डोक्यात जायचं, पण का जायचं ते सांगता येत नव्हतं.

आता आमच्या ऑफिसचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. फोनवरून पासवर्ड बदलून द्यायचा तर समोरचा माणूस खरा आहे की नाही हे कसं कळणार? आमच्या साहेबांनी यावर तीन प्रश्न ठरवले होते. कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख आणि पूर्ण नाव, मधल्या नावासकट. ऑफिसात सगळे एकमेकांना नाव-आडनावाने ओळखतात, मधलं नाव कुणाला ठाऊक नसतं, असा त्यांचा हिशेब. साहेब मोजकं बोलायचे आणि बोलले की लागायचं. नियम समजावताना म्हणाले होते, "जन्मतारीख केक खाणाऱ्या सगळ्यांना माहीत असते. पण माणूस बापाचं नाव विसरत नाही आणि परक्याला ते माहीत नसतं." आम्हाला ते पटलं होतं. पुरुषांच्या बाबतीत ठीकच होतं. बायकांच्या बाबतीत मात्र लग्न झालं की एचआर विभागातून बापाचं नाव काढून नवऱ्याचं घातलं जायचं, आडनावासकट, कुणी विचारायचंही नाही. म्हणजे बाईची ओळख पटवायची तर तिने नवऱ्याचं नाव सांगायचं. एकदोन वयस्कर बायका फोनवर लाजायच्या. "अहो, घ्यायलाच हवं का?" म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्यात हसण्यापलीकडे काही आहे हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

मग साथ आली आणि ऑफिस घरी गेलं. सगळ्यांना लॅपटॉप वाटले, घरून जोडायची सोय दिली. हजेरीचं मशीन धूळ खात पडलं, म्हणून नवा फतवा निघाला. सकाळी साडेनऊच्या आत लॉगिन झालं तर हजर, नाही तर गैरहजर. हेल्पडेस्कच्या आम्हा दोघांतिघांना पास मिळाले होते. रिकाम्या कर्वे रस्त्यावरून मी स्कूटरवर एकटीच यायचे, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडावर मास्क, आणि साडेआठपासून फोनवर बसायचे.

विम्याच्या क्लेम विभागातल्या एका बाईचा फोन यायला लागला तो तेव्हापासून. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, सदाशिव पेठेत राहणारी. ऑफिसात डबा खाताना कधी समोरासमोर बसलो असू, तेवढीच ओळख. ती इतकं हळू बोलायची की घरात तान्हं मूल झोपलंय असं वाटावं. "मॅडम, अकाउंट लॉक झालंय." मी उघडून द्यायचे. दुसऱ्या दिवशी परत. कधी कधी तर उघडून दिल्यावर दहा मिनिटांत परत.

लॉक होण्याची कारणं आम्हाला पाठ होती. मोबाइलवर जुना पासवर्ड राहून गेला की तो मोबाइल आपोआप चुकीचा पासवर्ड पाठवत बसतो. मी तो काढायला लावला. कॅप्स लॉक तपासला. मराठी टायपिंग सुरू राहिलंय का तेही बघितलं. सगळं ठीक होतं. शेवटी माझी सटकली.

"अहो मॅडम, पाच वेळा चुकेपर्यंत थांबता कशाला? दोनदा चुकलं की हात बाजूला घ्यावा माणसाने."

"मी एकदाच टाकते," ती म्हणाली.

"मग उरलेले चार कोण टाकतं? भूत?"

मी अकाउंट उघडलं आणि पुढचा फोन घेतला.

त्यातल्या एका दिवशी तर पासवर्डच बदललेला निघाला. ती म्हणाली मी बदलला नाही, आम्ही म्हटलं तुम्हीच बदलला असेल आणि विसरला असाल. तिचा अर्धा दिवस त्यात गेला. तिच्या वरिष्ठांनी तिला मेल पाठवला की महिनाभर हेच चाललंय, आता एक दिवस जरी गैरहजेरी लागली तर तुम्हाला कामावरून कमी करू. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी तिने मला हे सांगितलं. रडत नव्हती. नुसतं सांगत होती.

"ही नोकरी गेली ना मॅडम, तर मी इथून कधीच निघू शकणार नाही."

"कुठून?" मी विचारलं.

"बघा ना जरा लवकर," ती म्हणाली.

मी म्हटलं, आज काय तो निकाल लावूच. मी तिच्या लॅपटॉपचा रिमोट घेतला. म्हणजे तिची स्क्रीन मला माझ्या स्क्रीनवर दिसायला लागली, आणि मला हवं तर तिचा माऊस मी इथून हलवू शकत होते. फोन तिने स्पीकरवर टेबलावर ठेवला होता. मी अकाउंट उघडलं आणि म्हणाले, "आता माझ्यासमोर टाका. मी बघते."

लॉगिनच्या चौकटीत ठिपके उमटायला लागले. पासवर्ड दिसत नाही, ठिपकेच दिसतात. एक, दोन, तीन, चार, भराभर. सराईत बोटं होती तिची. मग अचानक थांबले. खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज आला. एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणाला, शांतपणे, भाजी संपली असं सांगावं तसा. मग ठिपके सगळे पुसले गेले.

मग एक ठिपका उमटला. एंटर. चुकीचा पासवर्ड.

पुन्हा एक ठिपका. एंटर.

मी या कामात वर्षं काढली होती. पासवर्ड विसरलेला माणूस कसा टाकतो ते मला माहीत होतं, दुसऱ्याचा पासवर्ड ओळखू पाहणारा माणूस कसा टाकतो तेही माहीत होतं. दोघंही आठ-दहा अक्षरं टाकतात, थांबतात, विचार करतात. हा माणूस एकच अक्षर टाकत होता आणि एंटर दाबत होता. त्याला आत जायचंच नव्हतं. त्याला कुलूप लावायचं होतं. महिनाभर दर सकाळी हा माणूस बायकोच्या लॅपटॉपवर पाच बटणं दाबत होता आणि मी त्या बाईला भूत कोण म्हणून विचारत होते.

पाचवा ठिपका पडायच्या आत मी माऊस माझ्याकडे ओढला आणि ती चौकट बंद केली. त्याने तिकडून परत उघडली. मी परत बंद केली. दोन माणसं एका बाणासाठी झटत होती, एक सदाशिव पेठेत आणि एक कोथरूडमध्ये, आणि तो बाण मध्ये थरथरत होता. त्याला कळलं की यंत्र कुणीतरी दुसरं हलवतंय. मग फोनमधून पहिली थप्पड ऐकू आली.

थप्पडेचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. तो गालावरचा आहे की पाठीवरचा हे भिंतीपलीकडूनही सांगू शकते. ही गालावरची होती. मग आणखी एक. मग तिचा आवाज, "नको, नको, मीटिंग आहे," आणि मग काहीतरी मिटल्याचा सपाट आवाज. माझी स्क्रीन काळी झाली. आणि ती ओरडली. महिनाभर जी बाई कुजबुजत होती ती अशी ओरडली की माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने स्वतःचा हेडसेट काढला.

नंतर कळलं, त्याने तिची बोटं कीबोर्डवर असताना लॅपटॉप मिटला होता आणि वरून गुडघा दिला होता.

थोड्या वेळाने फोन कुणीतरी उचलला. आवाज एकदम सभ्य.

"नमस्कार मॅडम. मी तिचा मिस्टर बोलतोय. आपल्याला रोज त्रास होतोय, माफ करा हं. एक काम करा, पासवर्ड बदलून द्या आणि मला सांगा. तिला राजीनामा द्यायचाय, तो मेल मीच तिच्या अकाउंटवरून पाठवून देतो. आज तिला टायपिंग जमणार नाही."

तो पुढे म्हणाला, "नियम माहीत आहेत मला. सांगतो." आणि त्याने सांगितलं. तिचा कर्मचारी क्रमांक. तिची जन्मतारीख. आणि तिचं पूर्ण नाव. तिचं पहिलं नाव, मग त्याचं स्वतःचं नाव, मग त्याचं स्वतःचं आडनाव. सगळं माझ्या समोरच्या माहितीशी अक्षर न् अक्षर जुळत होतं. नियमाप्रमाणे फोनवर तीच बोलत होती. बोटं चिरडलेली ती बाई मागे विव्हळत होती, ती मात्र नियमाप्रमाणे कुणीच नव्हती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसंच. आम्ही तर किल्लीवर चोराचंच नाव कोरून ठेवलं होतं.

मी शेजारी बघितलं. सहकाऱ्याचा चेहरा पडला होता. "मागे पासवर्ड बदलून मागितला होता तो हाच," तो हळूच म्हणाला. "मिस्टर बोलतोय म्हणाला. सगळं बरोबर सांगितलं गं. घरचाच माणूस, म्हटलं काय हरकत आहे."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं मला वाटलं. हात उचललाही होता. पण तो हात मला दुसरीकडे हवा होता. मी तिचं अकाउंट लॉक नव्हे, पूर्ण बंद करून टाकलं, म्हणजे हा आता हजार बटणं बडवू दे, तिच्या नावाने राजीनामा जाणार नाही. फोनवर म्हणाले, "सर, पाच मिनिटं थांबा. करून देते." तो म्हणाला, "थँक्यू हं." मी सहकाऱ्याला पोलिसांना फोन करायला सांगितलं, माहितीत तिचा पत्ता बघितला, हेल्मेट उचललं आणि निघाले.

रस्ते मोकळे होते. स्कूटरवर मी मोठ्याने शिव्या देत होते, कसब्यातल्या, वडिलांकडून शिकलेल्या. डेक्कनला बॅरिकेडवरच्या पोलिसाने अडवलं तर मी त्याच्यावरही ओरडले, आणि तो बिचारा बाजूला झाला. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं म्यूट करून दिलेल्या सगळ्या शिव्यांना अखेर एक पत्ता मिळाला होता.

दुसऱ्या मजल्यावरचं दार त्यानेच उघडलं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा कप. त्याची नोकरी साथीच्या सुरुवातीलाच गेली होती हे मला मागाहून कळलं. तेव्हा दिसला तो ऑफिसला निघालेल्या माणसासारखा. "आपण कोण?" त्याने विचारलं.

मी हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं.

कप फुटला. तो मागे कोलमडला, चपलांच्या स्टँडवर पडला आणि उठला. पुरुष होता, ताकद होती. त्याने माझा बुचडा धरून माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ओठ फाटला, दात हलला, तोंडात लोखंडासारखी चव आली. मी त्याच्या नडगीवर लाथ घातली. तो वाकला तसं परत हेल्मेट घातलं, कानावर. मग खांद्यावर. मग तो खाली होता आणि मी वर होते आणि मी मारत होते. टायपिंग जमणार नाही म्हणाला होता, म्हणून एक तिच्या बोटांसाठी, असं ठरवून मी त्याच्या उजव्या हातावरही मारलं. तो "अहो, अहो" करत होता. सदाशिव पेठेतला माणूस, मार खातानाही अहोजाहो सुटलं नाही.

"पुरे," कुणीतरी म्हणालं.

ती आतल्या दारात उभी होती. उजवा हात छातीशी धरलेला, बोटं सुजून काळीनिळी, दोन नखांतून रक्त. मी हेल्मेट वर धरून तिच्याकडे वळले. आणि तिने डावा हात झटकन डोक्यावर घेतला, मान आत ओढली. माझ्यापासून. त्याचा मार चुकवायची तसाच तिने माझाही चुकवला.

माझा हात आपोआप खाली आला. ते जे वाटलं त्याला मी शरम म्हणेन, दुसरा शब्द नाही. त्याला मारल्याची नव्हे, त्याला मी आजही परत मारेन. पण आई अशीच मान आत ओढायची, आणि आज तशी मान ओढायला लावणारी मी होते.

"ताई, मी हेल्पडेस्कवरची," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? रक्त थुंकत मी एवढंच म्हणाले.

तिने हात खाली घेतला. "मी सांगितला नाही," ती म्हणाली. "पासवर्ड. बोटांवर गुडघा दिला तरी सांगितला नाही."

एव्हाना जिन्यात शेजारपाजार जमला होता, प्रत्येक जण आपापल्या जाळीच्या दारामागे. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका मास्क सारखा करत म्हणाल्या, "रोजचंच आहे. आज पुरुषाचा आवाज आला म्हणून बघायला आले." मी त्यांना म्हटलं, रोजचं होतं तर रोज का नाही आलात? त्यांना ते लागलं असावं, कारण चौकीवर जबाब द्यायला तेवढ्या एकट्याच आल्या.

चौकीवर त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली, घरात घुसून मारहाण. ती खरीच होती. तिची तक्रारही लिहून घ्यावी लागली, कारण तिची बोटं टेबलावर ठेवलेली होती आणि ती बघितल्यावर कुणाला "घरगुती मामला" म्हणवेना. दोन बोटांची हाडं मोडली होती. प्लास्टर घालून ती भावाकडे गेली. लॅपटॉपची काच गेली होती, पण यंत्र चालू होतं, ते मी माझ्या स्कूटरवर घालून तिच्या भावाकडे पोचवलं आणि घरचा जुना मॉनिटर त्याला जोडून दिला. तिच्या वरिष्ठांनी एवढीच मेहरबानी केली की शुक्रवारची रजा धरली. सोमवारी साडेनऊला लॉगिन झालं पाहिजे, आजारपण असो की काही असो.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या ओठावरच्या टाक्यांकडे बघून म्हणाले, "हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर घालायचं असतं, दुसऱ्याच्या डोक्यात नव्हे." मग गंभीर झाले. चौकशी होणार होती. तोवर माझे सगळे फोन रेकॉर्ड होणार आणि ते स्वतः दुसरा हेडसेट लावून ऐकणार. "नियमाबाहेर एक पाऊल टाकलंत तर मी वाचवू शकणार नाही." नियमात काय खोट आहे ते मी त्यांना सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ते म्हणाले, बदलायला वेळ लागेल, वर विचारावं लागेल. तोपर्यंत आहे तो आहे.

सोमवारी नऊनंतर तिचा फोन आला. मी तिचं अकाउंट बंद केलं होतं, ते उघडायला आणि नवा पासवर्ड द्यायला तेच तीन प्रश्न. साहेब शेजारच्या खुर्चीत, कानाला हेडसेट. मी कर्मचारी क्रमांक विचारला. बरोबर. जन्मतारीख विचारली. बरोबर.

"पूर्ण नाव सांगा," मी म्हणाले.

मग तिने तिचं नाव सांगितलं. पुढे तिच्या वडिलांचं नाव. पुढे माहेरचं आडनाव.

माझ्या स्क्रीनवर वेगळं होतं. तिच्या नावापुढे तो बसला होता, दोन्ही शब्द व्यापून. साहेबांनी बोट हलवलं, परत विचारा. तीनदा नाव चुकलं तर पासवर्डचा अर्ज बंद होऊन एचआर विभागाकडे जायचा, आणि त्यांचं उत्तर यायला आठवडा. घड्याळ साडेनऊकडे चाललं होतं.

"मधलं नाव सांगा," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते ऐकताना समोरचा कीबोर्ड गुडघ्यावर मोडावा असं वाटत होतं.

तिने परत वडिलांचं नाव सांगितलं.

"ताई," मी म्हणाले, आणि हे रेकॉर्ड होतंय हे मला माहीत होतं, "इथे दुसरं लिहिलंय. तुम्हाला माहीत आहे कुणाचं. एकदा ते म्हणा. शेवटचं एकदा. आत गेलात की आपण बदलून घेऊ."

मी तेच करत होते जे लहानपणी रेशनच्या खिडकीवर करायचे. ज्याने मारलं त्याचं नाव पुढे कर आणि ओळख घे.

"अहो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, "माझं नाव मला माहीत आहे. तुमच्याकडे चुकीचं लिहिलंय."

मी साहेबांकडे बघितलंच नाही. "नाव जुळलं" या चौकटीवर खूण केली आणि अकाउंट उघडलं. तात्पुरता पासवर्ड तिला सांगितला, म्हटलं, आता तुमचा नवा टाका. शेजारी साहेब काहीतरी बोलतील म्हणून मी खांदे ताठ करून बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिला म्हणावं सावकाश टाका," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."

ती डाव्या हाताने टाइप करत होती. एक अक्षर. मग शोधून दुसरं. प्रत्येक बटणाचा आवाज फोनवर येत होता आणि मी आणि साहेब दोघंही श्वास रोखून मोजत होतो. मग एंटर.

"आले आत," ती म्हणाली.